पिवळ्याची परीक्षा

पिल्लूघरात बोलायचं नसतं, हा तिथला पहिला नियम. हा नियमसुद्धा बाहेरच सांगावा लागे. नवीन माणूस कामावर आला की डॉक्टरीणबाई त्याला दाराबाहेरच्या बाकावर बसवत आणि सगळं समजावून देत. इथे क्रौंच पक्ष्यांची पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की दलदलीत मोकळी सोडायची. पिल्लू अंड्यात असल्यापासून आवाज ओळखायला शिकतं. ज्याचा आवाज त्याच्या कानात बसला, ते त्याचं घरचं. आणि तो आवाज माणसाचा निघाला, तर ते पाखरू जन्मभर ना धड इकडचं, ना धड तिकडचं. तेव्हा आत बोलायचं नाही, खोकायचं नाही, गुणगुणायचं नाही. शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचं. फोन बाहेरच्या कपाटात ठेवायचा. काही सांगायचं असेल तर हाताने खुणा करायच्या, आणि खुणेने सांगता येत नसेल तर ते सांगण्याजोगं नाही असं समजायचं.

ऐकताना सगळे माना डोलवत आणि मग आठवड्याभरात निम्मे पळून जात. माणसाला उपाशी ठेवलं तर तो कुरकुरत का होईना राहतो, पण गप्प ठेवलं की त्याचा जीव गुदमरतो. एक गडी तर असा होता की दाराच्या आत पाऊल टाकलं की त्याला हटकून गाणं आठवायचं, आणि बिचारा तोंडावर हात दाबून बाहेर धावायचा. तो काम सोडून गेला त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही, कारण बाहेर येऊन तो ते गाणं पुरं करायचा.

टिकली ती दोन माणसं. एक बगळ्या. उंच, काटकुळा, मान पुढे काढून चालणारा, त्यामुळे क्रौंचांच्या घरात बगळ्या हे नाव त्याला पहिल्याच दिवशी चिकटलं आणि त्यानेही ते मुकाट्याने घेतलं. दुसरी मावशी. मावशी हे तिचं कामावरचं नाव. घरी ती धाकटी होती. पन्नाशी उलटली, केस पिकले, वाचायला चष्मा लागला, तरी धाकटीच, कारण तिच्या वर थोरली होती. एरवी या बाईच्या तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला श्वास घ्यायचीसुद्धा सवड मिळू नये. तीच बाई आत गेली की दिवसभर अवाक्षर काढत नसे. कसं जमतं, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, तोंड बाहेर खुंटीला टांगून जाते आणि येताना पुन्हा घालते.

खुंटीवर खरं म्हणजे झगे असायचे. डोक्यापासून घोट्यापर्यंत पांढरा झगा, चेहऱ्यावर जाळी, म्हणजे पिल्लाला माणूस दिसूच नये. उजव्या हातात बाहुली घालायची, क्रौंचाच्या डोक्याची आणि लांब मानेची. तिच्या चोचीने दाणे उचलून दाखवायचे, पाणी दाखवायचं, चालायला लावायचं. या बाहुलीला बगळ्याने सासू असं नाव ठेवलं होतं, कारण ती सारखी वाकून दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघायची. झग्याच्या आत कमरेला एक डबी असे. बटण दाबलं की तिच्यातून मोठ्या क्रौंचाचा घशातला घरघराट निघायचा. पिल्लांची आई म्हणजे ती डबी.

धाकटी राहायची त्याच इमारतीत थोरली राहायची. थोरली आणि तिचा नवरा पहिल्या मजल्यावर, धाकटी त्यांच्या वर दोन मजले, एकटी. एकटी म्हणजे रात्री झोपायला. चहा, जेवण, भांडण आणि बाकी सगळा संसार खालीच व्हायचा. संध्याकाळी कामावरून आली की धाकटी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून हाक मारायची. ती हाक म्हणजे कुठला शब्द नव्हता. जीभ टाळूला लावून आधी टुर्रर्र करायचं आणि मग ओठांचा चंबू करून वर चढणारा कू. लहानपणी दोघींनी ती शोधून काढली होती, आईला कळू नये म्हणून. आईला दुसऱ्याच दिवशी कळली, पण हाक राहिली. वरून थोरलीची हाक यायची, शेपूट जरा लांबवलेली, आणि तिच्या पाठोपाठ चहाचं भांडं ओट्यावर आपटल्याचा आवाज. एकदा भर बाजारात दोघींची चुकामूक झाली. धाकटी नाकात पाणी येईपर्यंत रडली आणि मग नाइलाजाने तिने तीच हाक मारली, सगळ्या लोकांसमोर, चांगली लग्नाच्या वयाची बाई. पलीकडच्या गल्लीतून उत्तर आलं. थोरली त्यावरून पुढे कित्येक वर्षं तिची टर उडवत होती.

तर थोरली गेली. ती गेली त्या दिवशी धाकटी एका अंड्याशी बोलत होती.

पिल्लू बाहेर येण्याआधी अंड्यातूनच चिवचिवायला लागतं. त्याला उत्तर मिळालं तर ते नेट लावून कवच फोडतं, नाही मिळालं तर दमून थांबतं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. त्यामुळे अंड्याजवळ कोणीतरी डबी घेऊन बसायचं. आतून चिव आलं की बटण दाबायचं. ते अंडं फार रेंगाळलं होतं. धाकटी दुपारभर त्याच्यापुढे मांडी घालून बसली होती, चिव, घर्र, चिव, घर्र. शेवटी कवचाला छिद्र पडलं, चोच दिसली आणि ओलं गिचगिचीत पिल्लू बाहेर पडलं. धाकटीने त्याच्या पायात पिवळं कडं घातलं, पंख पुसले, झगा खुंटीला लावला आणि कपाटातून फोन काढला. भावोजींचे फोन येऊन गेले होते, एकामागोमाग एक. शेवटच्यानंतर त्यांनी पुन्हा केला नव्हता. थोरलीच्या छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेलं, तिथे ती थोडा वेळ शुद्धीत होती. धाकटी कुठे आहे, असं तिने विचारलं. कामावर, असं भावोजींनी सांगितलं. तिला ते पटल्यासारखं वाटलं, एवढंच त्यांना आठवत होतं.

लोक आले, नेलं, परत आले. धाकटीच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. धक्का बसलाय, बायका एकमेकींत म्हणाल्या, मोकळी होईल हळूहळू. धाकटीला धक्काबिक्का काही जाणवत नव्हता. कानाला दडे बसल्यावर जसं सगळं लांबून ऐकू येतं तसं तिला दिसत होतं, एवढंच. घरी काम आहे असं सांगून तिने सुट्टी घेतली होती. ते खोटंही नव्हतं, काम पुष्कळ होतं. सुट्टी संपल्यावर ती कामावर गेली. आत बोलायचं नसतं, त्यामुळे आत कोणी काही विचारलं नाही, आणि बाहेर जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना आपापलं बोलायची इतकी घाई असे की न बोलणाऱ्याकडे कोणाचं लक्ष जात नसे. मावशी हल्ली शांत असतात, एवढं बगळ्याच्या मनात आलं. त्याला वाटलं, वय.

घरी ती आता थेट वर जायची. पहिल्या मजल्यावर तिची पावलं वाजली की दार अर्धं उघडायचं. भावोजी विचारायचे, "आलीस का?" ती म्हणायची, "हो." मग दोघंही पुढे काय बोलायचं ते आठवत उभे राहायचे आणि दार लागायचं. वर जाऊन ती स्वतःपुरतं शिजवायची. भाजीत मीठ नाही हे तिला खाताना कळायचं, पण उठून घ्यावंसं वाटायचं नाही. मीठ घालून ती काय फार चांगली लागणार होती असंही नाही. आता तिला धाकटी म्हणणारं कोणी उरलं नाही, हे तिला एकदा जिना चढताना सुचलं. भावोजी नावाने हाक मारत, थोरलीची मुलगी मावशी म्हणे, कामावर सगळ्यांचीच मावशी. सुचलं आणि पुढच्या पायरीवर ती किल्ली शोधायला लागली.

मग ते घडलं. संध्याकाळची वेळ होती, एरवी ती जिन्याच्या पायथ्याशी असायची ती. त्या दिवशी बगळ्या लवकर गेला होता म्हणून ती मागे राहिली होती. पाण्याचा थाळा भरायला ती वाकली आणि तिच्या तोंडून हाक निघाली. तिने मारली नाही, निघाली. टुर्रर्र, कू. थाळ्यातलं पाणी हललं. धाकटी तशीच वाकलेली राहिली. कामाला लागल्यापासून इतक्या वर्षांत तिने आत साधं खाकरलंसुद्धा नव्हतं.

कोपऱ्यातून उत्तर आलं. चिव, आणि मग शेपूट लांबवलेलं अजून एक चिव. पिवळ्या कड्याचं पिल्लू मान ताणून तिच्याकडे बघत होतं.

छताला कॅमेरा होता, पण त्याला नुसतं दिसायचं, ऐकू यायचं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हाक मारली आणि या वेळी ती आपसूक निघाली नव्हती. तिसऱ्या दिवशी पिवळ्या दाणे टिपायचं सोडून धावत आला. पुढे पुढे तिने सासूची चोच हलवली तरी तो तिकडे बघेना. तो झग्याच्या जाळीकडे बघायचा, जिथून आवाज येतो तिथे. बगळ्या बाहेर गेला की एकदा, आणि संध्याकाळी निघताना एकदा. धाकटीला त्यात आनंद होत होता असं म्हणवत नाही. आनंद व्हायला जी जागा लागते ती तिच्यात तेव्हा रिकामी नव्हती. पण हाक मारली की उत्तर येतं, एवढं दिवसातून दोनदा व्हायचं, आणि ते झालं की तिला घरी जाता यायचं.

कचेरीच्या मागच्या पिंजऱ्यात एक म्हातारा क्रौंच होता. त्याला पाहुणा म्हणत. पाहुणा अशासाठी की तो कित्येक वर्षांपूर्वी तात्पुरता म्हणून आला आणि मग गेलाच नाही. त्याला लहानपणी कोणीतरी घरात वाढवला होता, लाडाने, बोलून बोलून. त्याच्याशेजारी दोनदा मादी ठेवून पाहिली. तिने कितीही साद घातली तरी पाहुणा तिच्याकडे पाठ करून उभा राही. त्याचा जीव होता तो तिथल्या माळीबुवांवर. त्यांचा आवाज आला की तो जाळीला छाती लावून ओरडायचा, आणि त्याच्या जोडी जमवायच्या दिवसांत त्यांच्यापुढे पंख पसरून नाचायचा, वाकायचा, काड्या उचलून फेकायचा. माळीबुवा हातात पाण्याचा पाइप घेऊन ओशाळे होऊन उभे राहायचे. कसाबसा एक नमस्कार करायचे आणि पुढे जायचे. बघणाऱ्यांना हसू यायचं. एका सकाळी धाकटी तिथून चालली होती, पाहुणा नाचत होता आणि त्याच्या जागी तिला पिवळ्या दिसला. थोरली गेल्यापासून तिला जवळून, लख्ख काही दिसलं असेल तर ते एवढंच.

त्या दिवसापासून तिने हाक मारणं बंद केलं. सांगितलं मात्र कोणालाच नाही. सांगितलं असतं तर पिवळ्याची रवानगी पाहुण्याशेजारच्या पिंजऱ्यात झाली असती. न सांगावं तरी भीती होतीच. डॉक्टरीणबाई नेहमी सांगत की क्रौंच थव्याने उडतात, धुक्यात, अंधारात, कित्येकदा पुढचा पक्षी दिसत नसताना. तेव्हा एकमेकांना धरून ठेवतात ते आवाजाने. मी इथे, तू कुठे, एवढंच सारखं चाललेलं असतं. ज्याला थव्याचा आवाज आपला वाटत नाही ते पाखरू उत्तर देत नाही, मागे पडतं आणि मरतं. म्हणजे सांगितलं तर पिंजरा, आणि नाही सांगितलं तर कदाचित धुकं. धाकटी मूग गिळून बसली. पिवळ्या काही दिवस संध्याकाळी दाराकडे बघून चिवचिवत राहिला. ती डबीचं बटण दाबायची. तो डबीचा आवाज ऐकायचा आणि तिच्या पाठीमागे बघायचा, खरा आवाज अजून यायचा आहे अशासारखा. मग तेही थांबलं.

पिल्लं उंच झाली. त्यांना बाहेरच्या मोठ्या वाड्यात हलवलं, जाळीपलीकडे दलदल आणि दलदलीत मोठे क्रौंच. तिथलं काम बगळ्याकडे होतं. धाकटीच्या वाट्याला पुढची अंडी आली. मधूनमधून ती लांबून बघायची, पण सगळीच आता करडी, लांब पायांची, एकासारखी एक, आणि एवढ्या अंतरावरून कडं दिसत नसे. आवाजावरून ओळखावं तर तेही जमेना. या वयात त्यांचा आवाज फुटतो, मुलांचा फुटतो तसाच, चिवचिव जाऊन मध्येच भसाडा घोगरा सूर लागतो. सगळी एकदम ओरडायला लागली की बगळ्या कानांवर हात ठेवून वाड्याबाहेर येई.

सोडायच्या आधी त्यांची परीक्षा असते. पडदा बांधतात, पडद्याआड माणूस उभं राहून बोलतं आणि एकेक पाखरू पुढे सोडतात. ते आवाजाकडे वळलं, जवळ आलं की नापास. दुर्लक्ष केलं की पास. पिल्लूघरात काम केलेल्या प्रत्येकाला बोलावं लागतं. आदल्या रात्री धाकटीला झोप लागली, नेहमीसारखी, आणि सकाळी तिने नेहमीसारखा डबा भरला.

इतर पाखरं झाली. पिवळ्याची पाळी आली. आधी डॉक्टरीणबाई बोलल्या, मग बगळ्या बोलला. बगळ्याला अशा वेळी काही सुचत नसे, त्याने घरातल्या चादरी कशा वाळत घालतो ते सांगितलं. पिवळ्या चिखलात चोच घालून उभा होता. मग धाकटी. तिने पडद्याआड उभं राहून दाण्याच्या पोत्यावरचा मजकूर वाचला, कोरड्या जागी ठेवावे, उघडल्यावर लवकर संपवावे. तिच्या आवाजात चढउतार नव्हता, तो हल्ली नसायचाच. पिवळ्याने मान उचलली नाही.

"पास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर खूण केली.

झालं होतं. धाकटीने गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. पुढचं पाखरू आणायला बगळ्या निघालाही. तेव्हा ती बोलली. पिवळ्याच्या काळजीने बोलली की एकदा, एकदाच, उत्तर ऐकायला मिळावं म्हणून, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. दोन्ही होतं. ते उत्तर आलं तर या पाखराचा जन्म फुकट जाणार होता हे तिला माहीत होतं, आणि तरी ते यावं असं तिला वाटत होतं, आणि त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

"त्याला माझं बोलणं माहीत नाही," ती म्हणाली. "माझी हाक माहीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. कसली हाक, त्यांनी विचारलं. घरातली एक आहे, धाकटी म्हणाली, मी आत मारत होते, संध्याकाळच्या वेळी, बरेच दिवस, मग थांबवली. तिने हे दाणे संपलेत अशा सुरात सांगितलं. बगळ्या आपल्या बुटांकडे बघायला लागला. डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नुसतं पिवळ्याकडे पाहिलं, चांगलं वाढलेलं, निरोगी पाखरू, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मारा," त्या म्हणाल्या. "आत्ता मारा."

धाकटीने जीभ टाळूला लावली. आवाज निघाला नाही, नुसती हवा आली. घसा खाकरून तिने पुन्हा प्रयत्न केला. मग निघाली, आधी फाटकी, आणि शेवटाला पूर्वीसारखी वर चढलेली. टुर्रर्र, कू. उघड्यावर ती केवढी मोठी वाटली.

पिवळ्याने मान वर केली.

बगळ्याच्या तोंडून "च्" असा आवाज निघाला. धाकटीचे दोन्ही हात पडद्याच्या दोरीवर घट्ट आवळले गेले. पिवळ्याने पडद्याकडे बघितलं, रस्त्याने चाललेल्या गाडीकडे बघावं तसं, आणि पायाने मान खाजवली. जाळीपलीकडून, दलदलीच्या टोकाकडून, कुठलीशी मोठी मादी घशातल्या घशात घरघरली. जवळपास ऐकूही येऊ नये इतकं हळू. पिवळ्या झटक्यात तिकडे वळला, त्या नव्या, भसाड्या, फुटक्या आवाजात त्याने तिला उत्तर दिलं, आणि लांब टांगा टाकत जाळीशी जाऊन उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "पास," त्या म्हणाल्या. "मावशी, पास झाला तो. विसरला. बास आता."

धाकटीने पुन्हा हाक मारली.

"मावशी, झालं," बगळ्या म्हणाला.

तिने आणखी एकदा मारली, पडद्याबाहेर येऊन, मोठ्याने, शेवटचा कू ओढून ओढून लांबवत. परीक्षा संपली होती, आता हे त्या पाखरासाठी नव्हतं, एवढं बगळ्यालाही कळलं. त्याने तिचा दंड धरला.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. ही हाक कोणाची, त्यांनी हळूच विचारलं.

"आमच्या दोघींची," धाकटी म्हणाली. "माझी बहीण वारली."

"कधी?"

"हा अंड्यातून बाहेर आला त्या दिवशी."

डॉक्टरीणबाईंनी जाळीपाशी उभ्या असलेल्या त्या कंबरेएवढ्या उंच पाखराकडे बघितलं. बगळ्याने पण बघितलं. इतके महिने तो तिच्याशेजारी झगा घालून वावरला होता, पाणी झालं का, दाणे घातले का, जाऊ का, हे सगळं खुणेने विचारत होता, आणि तीही खुणेने उत्तर देत होती.

"सांगितलं का नाहीत?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

"आत बोलायचं नसतं ना," धाकटी म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. नवीन माणसाला नियम सांगावा तसं ती साधं बोलली. डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन बंद केलं, एक बादली पालथी घातली आणि तिला खांद्याला धरून तीवर बसवलं. स्वतः त्या तिथेच चिखलात उकिडव्या बसल्या.

"आता बाहेर आहोत," त्या म्हणाल्या. "बोला."

धाकटीने बोलायला तोंड उघडलं आणि आधी रडूच आलं. ते दवाखान्यातलं, स्मशानातलं, जिन्यातलं, सगळं साठलेलं रडू होतं, त्याला सूर नव्हता की लाज नव्हती. हंबरडाच तो. दलदलीतल्या सगळ्या क्रौंचांनी एकदम माना वर केल्या, कान देऊन ऐकलं, आणि आपल्यातलं कोणी नाही हे कळल्यावर पुन्हा चरायला लागले. पिवळ्यासुद्धा.